संगणकीय न्यायसहायक विषशास्त्र

संगणकीय न्यायसहायक विषशास्त्र : मृताच्या रक्तात, व्हिसेऱ्यात (तपासणीसाठी काढून ठेवलेल्या आतल्या अवयवांत) किंवा जप्त केलेल्या पुडीत कोणते रसायन आहे, किती आहे आणि त्याचा शरीरावर काय परिणाम झाला असेल, हे गणिती प्रारूपे व संगणक वापरून ठरवण्याचे शास्त्र. रसायनशास्त्र, औषधशास्त्र आणि संख्याशास्त्र हे तिन्ही विषय यात लागतात. शिवाय निष्कर्ष न्यायालयात उलटतपासणीला उतरावा लागतो.

नाव नवे असले तरी हिशेब जुना आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांचे १९३२ मधले सूत्र आजही वापरात आहे. प्यायलेल्या मद्यार्काच्या ग्रॅमना शरीराचे वजन आणि एक गुणक (पुरुषांत सरासरी ०.६८, स्त्रियांत ०.५५) यांच्या गुणाकाराने भागायचे आणि शरीर मद्यार्क पचवते त्यामुळे होणारी दर तासाची घट, जितके तास गेले तितक्या पटीने, त्यातून वजा करायची. ७० किलो वजनाचा पुरुष ४० ग्रॅम मद्यार्क प्यायला, तर रक्तातले प्रमाण किलोमागे सुमारे ०.८४ ग्रॅम येते. घट ताशी ०.१५ धरली, तर तीन तासांनी ०.३९ उरते, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात अंदाजे ४१ मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० आहे, तेव्हा चालक दोषी. पण घटीचा वेग माणसागणिक बदलतो. तोच ताशी ०.२० धरला की उत्तर २५ च्या आसपास येते आणि तोच चालक निर्दोष ठरतो. न्यायालयाला एक आकडा हवा असतो, शास्त्र मात्र पट्टाच देऊ शकते. या शाखेतले निम्मे संशोधन या एका अडचणीभोवती फिरते, असे म्हटले तरी चालेल.

मृत्यूनंतर गुंता वाढतो. काही औषधे यकृत, फुप्फुसे व हृदयाच्या स्नायूंतून आसपासच्या रक्तात झिरपतात. त्यामुळे हृदयातल्या रक्तात ती मांडीच्या शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त सापडतात. म्हणून नमुना कुठून घेतला, ही नोंद नसेल तर पुढची आकडेमोड फोल.

दुसरा मोठा विषय पदार्थाच्या ओळखीचा. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये रेणू फोडून तुकड्यांची वस्तुमाने मोजतात आणि तो वर्णपट साठवलेल्या वर्णपटांशी ताडून पाहतात. नुसत्या वर्णपटावरून रचना ओळखायला संगणकाला शिकवण्याचा ‘डेंड्रल’ हा प्रकल्प स्टॅनफर्डमध्ये १९६५ साली सुरू झाला. जोशुआ लेडरबर्ग, एडवर्ड फायगेनबॉम आणि कार्ल जेरासी ही त्यातली ठळक नावे. साठ्यात नसलेला पदार्थ समोर आला की ताडून पाहण्याची पद्धत अडते. २००८ साली ‘स्पाइस’ नावाच्या सुगंधी पाल्यात जेडब्ल्यूएच-०१८ हे कृत्रिम कॅनाबिनॉइड (गांजासारखी नशा देणारे रसायन) सापडले. तेव्हापासून एका रेणूवर बंदी आली की एखादा अणू बदलून पुढचा रेणू बाजारात, असा लपंडाव चालू आहे. फ्लुओरोफेंटानिल या अफूसारख्या तीव्र अमली रसायनाचे ऑर्थो, मेटा व पॅरा हे समघटक (फक्त फ्लुओरिन अणूची जागा वेगळी असलेली रूपे) तर वस्तुमानाने तंतोतंत सारखे आणि वर्णपटानेही जवळजवळ तसेच. तेथे पुंजगणिताने (क्वांटम सिद्धांतावरच्या आकडेमोडीने) अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट काढून फरक शोधावा लागतो.

‘डार्कएनपीएस’ या २०२१ च्या संगणकीय प्रारूपाने वेगळी वाट धरली. सुमारे १,७०० ज्ञात नशील्या रेणूंवर शिकवलेल्या या प्रारूपाने ८९ लाख संभाव्य रचना तयार केल्या. नंतर प्रत्यक्ष सापडलेल्या नव्या पदार्थांपैकी ९० टक्क्यांहून अधिक त्यांत आधीच होते. शिकवणीची सामग्री कोपनहेगन विद्यापीठातून चालणाऱ्या ‘हायरेसएनपीएस’ या सामायिक संग्रहातली होती.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना हा विषय ओढतो त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे : अमली पदार्थ हाताळायला परवाने लागतात, संगणकावर त्यांची रचना हाताळायला लागत नाहीत. नव्या ओपिऑइडची (अफूसारखा परिणाम करणाऱ्या रसायनाची) तीव्रता माणसांवर तपासता येत नाही, म्हणून ग्राहक प्रथिनात (शरीरातल्या ज्या प्रथिनाला चिकटून औषध परिणाम करते त्यात) रेणू कसा बसतो याच्या गणितावरून ती अंदाजतात. मात्र प्रबंध फसण्याची जागा ठरलेली आहे. शिकवणीच्या आणि चाचणीच्या संचांत एकाच कुळातले भाऊबंद रेणू विखुरले, की प्रारूप हुशार भासते आणि खरोखर नवे कूळ आले की तोंडावर पडते. म्हणून जाणते परीक्षक संच कसे विभागले हे आधी विचारतात. उत्तर कितीही खात्रीचे वाटले, तरी शेवटी शुद्ध संदर्भ-नमुना त्याच यंत्रावर चालवून पाहिल्याशिवाय ओळख पक्की मानत नाहीत.

भारतात रासायनिक परीक्षकाची पहिली प्रयोगशाळा १८४९ मध्ये मद्रासला आणि मुंबईची १८७० मध्ये निघाली. आज महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाकडे आहे. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ या बातमीतल्या वाक्याचा पुढचा प्रवास तिथलाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार सरकारी रासायनिक परीक्षकाचा अहवाल त्याची साक्ष न घेताही पुराव्यात वाचता येतो. न्यायालयाला वाटल्यास ते त्याला बोलावून, ताशी घट ०.१५ च का धरली, हेही विचारू शकते.