वेव्हमेकर घसरतोय म्हणजे मॅग्नेट 'उतरला'? नाही हो

फिश टँकमधला मॅग्नेटवाला वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप, काचेच्या आत-बाहेरच्या मॅग्नेटने चिकटतो) काचेवरून घसरायला लागला की लगेच सल्ला येतो, मॅग्नेटची पॉवर गेली, नवा घ्या. वर्षानुवर्षं हेच चाललंय. त्यात बहुतेक निओडिमियम मॅग्नेट असतो आणि टँकच्या २५-२८ डिग्री पाण्यात तो असा दोन-चार वर्षांत उतरत नाही, साधा ग्रेडसुद्धा साधारण ८० डिग्रीपर्यंत टिकतो.

मग घसरतो का? काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर बसलेला असतो, रबरी पॅड कडक झालेलं असतं, किंवा ८ एमएम काचेसाठीचा पंप आपण १२ एमएमला लावलेला असतो, आणि अंतर थोडं वाढलं तरी पकड खूप कमी होते. काच आणि पॅड पुसा, अर्धं काम तिथेच होतं. मात्र कोटिंगला चीर जाऊन मॅग्नेट गंजला, फुगला असेल तर तो टाकायचाच, खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये तर लगेच.

आणि पंप घरघरतोय किंवा फिरतच नाही, त्याचा या काचेवरच्या मॅग्नेटशी काही संबंध नाही (व्होर्टेकसारखे पंप सोडून, त्यांची मोटर काचेबाहेर असते आणि फिरवायचं कामही मॅग्नेटच करतो). नेहमीच्या पंपात इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्याचा) मॅग्नेट वेगळा, आत असतो. बोअरचं पाणी असेल तर त्यावर क्षार चढतात, गोगलगाय अडकते. प्लग काढून इम्पेलर बाहेर काढा, पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये अर्धा-एक तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, नीट धुवा. शाफ्ट (इम्पेलर ज्यावर फिरतो ती दांडी) तुटला असेल तर फक्त इम्पेलर सेट बदला. काचेच्या आत-बाहेरचे दोन्ही मॅग्नेट काढताना बोटं सांभाळा, चिमटा जोरात बसतो!