काट्याच्या फाइलमधून हव्या त्या ओळी गाळून घेताना

(आमच्याकडून भुईकाट्याची नोंदयंत्रणा घेतलेल्या नाशिक, निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या ग्राहकांसाठी)

नमस्कार.

काट्यावर गाडी चढली की तिची एक ओळ फाइलमध्ये पडते. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत ही फाइल बघता बघता लांबते आणि संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर त्यातल्या ठरावीक ओळीच हव्या असतात: चांदवडकडच्या गाड्या किती, लाल कांदा किती, मोकळं वजन कोणाचं राहिलं. त्यासाठी यंत्रणेतल्या लिनक्सच्या छोट्या डब्यात (लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकात) आम्ही काही शेल स्क्रिप्ट घालून दिल्या आहेत. शेल म्हणजे टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, आणि स्क्रिप्ट म्हणजे त्याच्यासाठी ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा. बहुतेक ठिकाणी मुनीमजी स्क्रिप्ट चालवतात आणि जे समोर येईल ते खरं धरतात. त्या स्क्रिप्ट आत काय करतात हे तुम्हालाही माहीत असावं असं आम्हाला मनापासून वाटतं. कारण गाळणीतून एकही ओळ आली नाही, तर तशी ओळ फाइलमध्ये खरंच नसेल किंवा गाळणीला ती ओळखता आली नसेल. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं.

आधी एक खुलासा. आज्ञा रोमन अक्षरांतच टाइप करायच्या असतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. नेमकी अक्षरं डब्यावर चिकटवलेल्या पट्टीवर आहेत. पॅटर्न, म्हणजे शोधायचा मजकूर, मात्र फाइलमधल्या मजकुरासारखाच, म्हणजे मराठीतच लिहायचा.

आपल्या फाइलमधली एक ओळ अशी असते (गाडीचा पुढचा नंबर इथे काढून टाकला आहे):

४१२;०७-०४;एमएच१५;उन्हाळ कांदा;चांदवड;५२४०;२१६०;३०८०

पावती, तारीख, गाडी, माल, गाव, मग भरलेलं, मोकळं आणि निव्वळ वजन किलोत. मधे सगळीकडे अर्धविराम.

ओळी निवडण्याचं काम 'ग्रेप' नावाची आज्ञा करते. द्राक्षांशी तिचा संबंध नाही. केन थॉम्पसन यांनी ती अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत लिहिली, १९७३ पासून ती युनिक्समध्ये (लिनक्स ज्या धर्तीवर बनलं त्या जुन्या प्रणालीत) आहे, आणि 'पूर्ण फाइलभर हा पॅटर्न शोध आणि ती ओळ छाप' या अर्थाच्या एका जुन्या एडिटरमधल्या आज्ञेची आद्याक्षरं म्हणजे तिचं नाव. ती फाइल एकेक ओळ करून वाचते, पॅटर्न बसला तर ओळ दाखवते, नाही तर सोडून देते. मूळ फाइलला हात लावत नाही.

ग्रेप 'चांदवड' आजचा-काटा

एवढं दिलं की चांदवडच्या ओळी मिळतात ('आजचा-काटा' हे फाइलचं नाव). '-सी' जोडलं तर ओळींऐवजी नुसता आकडा, '-व्ही' जोडलं तर चांदवड सोडून बाकी सगळ्या. दोन अटी लावायच्या तर मधे उभी रेघ:

ग्रेप 'उन्हाळ कांदा' आजचा-काटा | ग्रेप -सी ';चांदवड;'

अवतरण चिन्हं विसरू नका. अर्धविराम, उभी रेघ, डॉलरचं चिन्ह यांना शेलमध्ये स्वतःचे अर्थ आहेत. अवतरणाशिवाय अर्धविराम आला की आज्ञा तिथेच संपली असं शेल समजतं.

आता नेहमी होणारी गल्लत. नाशिक पासिंगच्या गाड्या हव्यात म्हणून कोणी नुसतं '१५' शोधतं. मग १५ तारखेच्या सगळ्या ओळी येतात, पावती ११५ येते, २१५० किलो मोकळं वजन असलेली मालेगाव पासिंगची गाडीही येते. ग्रेपला रकाना कळत नाही, अक्षरं कळतात. म्हणून ';एमएच१५' असं आधीचा अर्धविराम धरून लिहा (फाइलमध्ये १५ नंतर गाडीचा पुढचा नंबर असतो, म्हणून मागे अर्धविराम नको). पावती नंबरासाठी '^४१२;' लिहा. '^' म्हणजे ओळीची सुरुवात, '$' म्हणजे शेवट. आणि टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर: '१२.५०' शोधलं तर १२४५० सुद्धा सापडतं. टिंब म्हणजे टिंबच हवं असेल तर '-एफ' लावा.

गावांच्या नावांचं वेगळं आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण जुन्या सवयीचे हात अजून 'पिंपळगांव' टाइप करतात आणि नवी मुलं 'पिंपळगाव'. ग्रेपच्या लेखी ही दोन गावं झाली. संगणकात 'गां' हे एक अक्षर नसून ग, काना आणि अनुस्वार अशी तीन चिन्हं असतात. त्यामुळे '-ई' लावून 'पिंपळगां?व' असं लिहिता येतं. प्रश्नचिन्ह त्याच्या आधीच्या एकाच चिन्हाला, म्हणजे इथे अनुस्वाराला लागतं: असला तरी चालेल, नसला तरी चालेल. विंचूरसाठी '-ई' लावूनच 'विंचूर|विंचुर' हा सोपा मार्ग. अवतरणातल्या या उभ्या रेघेचा अर्थ 'किंवा'. आणि जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमधली फाइल पडद्यावर मराठी दिसली, तरी आत ती युनिकोड (आजच्या संगणकांची सर्वमान्य अक्षरपद्धत) मराठी नसते. तीत 'कांदा' कधीच सापडणार नाही. अशी फाइल आधी आमच्याकडून बदलून घ्या.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तीच या पत्रकाचं कारण आहे. भरलेली गाडी काट्यावर येऊन गेली आणि माल खाली करून मोकळी परत आली नाही, तर तिची ओळ अर्धविरामावरच संपते, पुढे निव्वळ वजन नसतं. अशा गाड्या रोज संध्याकाळी सापडाव्यात म्हणून आम्ही ';$' या पॅटर्नची स्क्रिप्ट एका ग्राहकाला दिली होती. ती कित्येक दिवस 'एकही गाडी बाकी नाही' असंच सांगत राहिली. हिशेबपट्टी करताना एका शेतकऱ्याची पावती अर्धवट निघाली तेव्हा आम्ही फाइल उघडून तपासली. केबिनमधला संगणक विंडोजचा. तो प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जादा चिन्ह ठेवतो. डोळ्यांना ओळ अर्धविरामावर संपलेली दिसत होती, ग्रेपसाठी मात्र अर्धविरामानंतर अजून एक चिन्ह होतं. पॅटर्न बसणार कुठून? त्या शेतकऱ्याचं वजन ड्रायव्हरला शोधून जुळवावं लागलं. शेतकऱ्याचा माल काट्यावर असतो तेव्हा असली चूक आम्हाला स्वतःला माफ करता येत नाही.

तेव्हापासून आमची प्रत्येक स्क्रिप्ट आधी ती जादा चिन्हं काढते आणि मग ताळा करते. ताळा तुम्हीही हाताने करू शकता, दोनच आज्ञा आहेत:

ग्रेप -सी ';$' आजचा-काटा
ग्रेप -सी '[०-९]$' आजचा-काटा

पहिली अर्धवट ओळी मोजते, दुसरी आकड्यावर संपणाऱ्या, म्हणजे पूर्ण ओळी. दोन्हींची बेरीज फाइलमधल्या एकूण ओळींइतकी यायला हवी. विंडोजची चिन्हं राहिली असतील तर दोन्हीकडे शून्य येतं आणि घोटाळा लगेच उघडा पडतो. कोणी हाताने ओळ घालताना शेवटचं वजन इंग्रजी (0-9) आकड्यांत टाकलं असेल, तर तेवढीच ओळ बेरजेत कमी पडते. ताळा जमला नाही तर त्या दिवसाची यादी वापरू नका.

वजनांची बेरीज 'ऑक' नावाची दुसरी आज्ञा करते. तिला देवनागरी आकडे कळत नाहीत, ती ते शून्य धरते. आमची स्क्रिप्ट आकडे आधी बदलून देते. तुम्ही स्वतः ऑक वापरणार असाल तर हे लक्षात ठेवा.

गावांच्या नावांची यादी '-एफ' ऐवजी छोट्या लिपीतल्या 'एफ' ने देता येते (पट्टीवर दोन्ही आहेत), म्हणजे यादीतल्या कुठल्याही नावाची ओळ निवडली जाते. मात्र यादीत एक जरी रिकामी ओळ राहिली तरी फाइलमधल्या झाडून सगळ्या ओळी निवडल्या जातात, कारण रिकामा पॅटर्न कशालाही बसतो. यादीच्या शेवटी उगाच एंटर दाबलेलं असतं, ते आधी बघा.

आणि गाळलेल्या ओळी त्याच फाइलमध्ये परत लिहू नका. '>' हे चिन्ह दिसताच शेल ती फाइल आधी रिकामी करतं, ग्रेपची पाळी नंतर येते. दिवसभराची नोंद अशी एका क्षणात जाते आणि परत येत नाही. नवीन नाव द्या: 'चांदवड-०७-०४' सारखं.

स्क्रिप्टच्या शेवटी आम्ही एक आकडा छापतो. ० म्हणजे ओळी सापडल्या, १ म्हणजे सापडल्या नाहीत, २ म्हणजे फाइलच मिळाली नाही किंवा दुसरी काही अडचण आली. २ दिसला तर आम्हाला फोन करा, रात्री लिलावाचा हिशेब चालू असला तरी. फोन करताना वापरलेला पॅटर्न जसाच्या तसा वाचून दाखवा आणि त्या दिवसाची फाइल उघडून 'सेव्ह' न करता, तशीच पाठवा.