रिव्हर्स डीएनएस (क्लाउड सर्व्हर)

आयपी पत्त्यावरून होस्टनेम (सर्व्हरचे नाव) शोधण्याची डीएनएसमधील, म्हणजे इंटरनेटवरील नावे व पत्ते जुळवणाऱ्या यंत्रणेतील, सोय. यासाठी लागणारी पीटीआर नोंद (पत्त्यापुढे नाव सांगणारी) डोमेनच्या झोनमध्ये (नोंदींच्या संचात) नव्हे, तर पत्त्यांचा गट ज्याच्या ताब्यात असतो त्याच्या झोनमध्ये राहते. म्हणून भाड्याच्या क्लाउड सर्व्हरसाठी ती सेवादात्याच्या पॅनेलमधून किंवा त्याला विनंती करून घालावी लागते.

डीएनएसचे पहिले आराखडे १९८३ चे असले, तरी आजची रचना १९८७ च्या आरएफसी (इंटरनेटच्या प्रमाणांचे क्रमांकित दस्तऐवज) १०३४ व १०३५ पासून धरणे अधिक सयुक्तिक. १०३५ मध्ये ‘इन्व्हर्स क्वेरी’ नावाची ऐच्छिक पृच्छाही होती. तिला सर्व्हर केवळ स्वतःजवळच्या माहितीतून उत्तर देई; २००२ मध्ये आरएफसी ३४२५ ने ती बाद केली. रिव्हर्स डीएनएसशी तिची गल्लत होते, पण तो साध्या पृच्छेनेच चालतो, फक्त ‘इन-ॲडर.आर्पा’ या वेगळ्या शाखेत. नावात व्यापक भाग उजवीकडे, पत्त्यात डावीकडे, म्हणून १९२.०.२.२५ चा शोध ‘२५.२.०.१९२.इन-ॲडर.आर्पा’ असा उलटा लिहितात. ही शाखा टिंबांवरच तुटते, त्यामुळे २५६ पत्त्यांपेक्षा लहान गट थेट सोपवता येत नाही. त्यावर आरएफसी २३१७ (१९९८) ने सीनेमची (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या नोंदीची) पळवाट काढली. क्लाउडवर एकट्या पत्त्याला तिची गरज सहसा पडत नाही. आयपीव्ही६ मध्ये (नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत) पत्त्याचे ३२ षोडशमान अंक एकेक सुटे करून ‘आयपी६.आर्पा’खाली मांडतात, आधीची ‘आयपी६.इंट’ शाखा मागे पडली.

पद्धती निरनिराळ्या आहेत. डिजिटलओशनमध्ये सर्व्हरला पूर्ण डोमेननाव दिले की पीटीआर आपोआप तयार होते. ॲमेझॉनवर इलॅस्टिक आयपी (खात्याला नेमून दिलेला स्थिर पत्ता) हवा आणि पीटीआरमधील नावाची ए नोंद (नावापुढे पत्ता सांगणारी) आधीच त्याच पत्त्याकडे बोट दाखवणारी हवी. सेवादाता कोणताही असो, ए आधी आणि पीटीआर नंतर हा क्रम सुरक्षित. पत्त्यावरून नाव शोधणाऱ्या ‘डिग -एक्स’ या आज्ञेने मिळालेले नाव पुन्हा शोधल्यावर तोच पत्ता यायला हवा.

एका पत्त्याला अनेक पीटीआर देण्यास प्रमाणांत मनाई नाही; व्यवहारात एकच बरी. वेबसाइटला तिच्यावाचून अडत नाही, मेल सर्व्हरला अडते. हेलोमध्ये (मेल देताना सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो त्या आज्ञेत) सांगितलेले नाव पत्त्याशी जुळत नाही एवढ्याच कारणाने मेल नाकारू नये, असे आरएफसी ५३२१ सांगते. पण मेल पाठवणाऱ्या पत्त्याला जुळणारी पीटीआर असावी अशी अट जीमेल घालते, आणि मेल पोचवायची तर तीच पाळावी लागते. आयपीव्ही४ ची नोंद नीट असूनही मेल परत येत असेल, तर सर्व्हर नोंद नसलेल्या आयपीव्ही६ पत्त्यावरून तो पाठवत नाही ना, हे पाहावे.