मुदतबाह्य डोमेननावांचे रद्दीकरण

मुदतबाह्य डोमेननावांचे रद्दीकरण : मुदत संपूनही नूतनीकरण न झालेले डोमेननाव (संकेतस्थळाचा व मेलचा इंटरनेटवरील पत्ता) नोंदवहीतून काढून पुन्हा सर्वांना खुले करण्याची पद्धती व तिचे नियम. .कॉम, .नेट, .ऑर्ग यांसारख्या प्रत्ययांसाठी हे नियम आयकॅन ही इंटरनेटवरील नावांची जागतिक व्यवस्था पाहणारी संस्था (स्थापना १९९८) ठरवते. .इन व .भारत यांचा कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे असून आयकॅनची ही धोरणे त्यांना बंधनकारक नाहीत.

१९९५ पर्यंत नोंदणी विनामूल्य होती. त्या वर्षी दोन वर्षांना शंभर डॉलर शुल्क लागू झाले आणि शुल्क थकले की नाव जाणार हे ओघाने आले. मात्र ते नेमके केव्हा जाणार, याला २००४ च्या अखेरीपर्यंत एकसारखा नियम नव्हता. काही रजिस्ट्रार (ग्राहकांसाठी नावे नोंदवणाऱ्या कंपन्या) थकलेली नावे दीर्घकाळ अडवून धरीत. नजरचुकीने रद्द झालेले नाव परत मिळावे म्हणून आयकॅनने २००२ मध्ये चर्चापत्र काढले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीस .कॉमसाठी तीस दिवसांची सोडवणूक-मुदत (रद्द झालेले नाव आधीच्या धारकाला परत घेता येण्याचा काळ) सुरू झाली. थकलेले नाव, अपवाद वगळता, ४५ दिवसांत रद्द केलेच पाहिजे हा नियम २१ डिसेंबर २००४ पासून लागू झाला.

३१ ऑगस्ट २०१३ पासूनच्या आयकॅनच्या धोरणानुसार रजिस्ट्रारला मुदतीपूर्वी साधारण एक महिना व एक आठवडा अशा दोन सूचना, आणि नाव तरीही पडून राहिल्यास मुदतीनंतर पाच दिवसांत तिसरी सूचना द्यावी लागते. मुदतीनंतर आठ किंवा अधिक दिवसांनी रद्द होणाऱ्या नावाचे संकेतस्थळ व मेल, नूतनीकरणाच्या अखेरच्या सलग आठ दिवसांत बंद ठेवावे लागतात. सूचना न वाचणाराही मेल थांबली की चौकशी करतो, हा त्यामागील हिशेब. रद्दीकरणानंतर सोडवणुकीचे तीस दिवस व प्रतीक्षेचे पाच दिवस सरले की नाव मोकळे होते.

वाद आहे तो रद्दीकरणाच्या आधीच्या टप्प्यावर. धारकाशी केलेल्या करारातील कलमाच्या आधारे अनेक रजिस्ट्रार नाव रद्द न करता लिलावात तिसऱ्याच्या नावे करतात. रद्दीकरणच न झाल्याने सोडवणूक-मुदत सुरूच होत नाही. २०१३ च्या धोरणाने ‘मुदत संपतेवेळचा धारक’ अशी व्याख्या करून, रजिस्ट्रारने मागाहून नोंद बदलली तरी नूतनीकरणाचा हक्क आधीच्याच धारकाचा धरला. लिलावाला मात्र बंदी घातली नाही. डोमेननाव ही केवळ कराराने मिळणारी सेवा, असे व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मानले. अमेरिकेच्या नवव्या परिमंडळ न्यायालयाने (संघीय अपील न्यायालय) २००३ मध्ये ती मालमत्ता ठरवली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे प्रकरणात (२००४) डोमेननावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. रद्दीकरणाच्या चर्चेत हा तिसरा दृष्टिकोन अधिक उपयोगी वाटतो, कारण नावामागची पत मुदत संपल्याच्या दिवशी संपत नाही.

सांगली-साताऱ्याकडे अडचण बहुधा सूचनेच्या पत्त्यापाशी येते. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळद-बेदाण्याचा अडत्या असो की महाबळेश्वरचा लॉजवाला, ‘वेबसाइट करून देणाऱ्या पोराने’ डोमेन स्वतःच्या नावे व स्वतःच्या मेलवर घेतलेले असेल, तर धोरणाच्या दृष्टीने धारक तोच. तो पुण्याला नोकरीला गेला की तिन्ही सूचना त्याच्याकडे जातात. पेढीला कळते ते मेल येईनाशी झाल्यावर.

आपत्तीचे उदाहरण याच भागातले घेता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि सांगलीची पेठ कित्येक दिवस पाण्यात होती. वीज व फोन बंद असताना संकेतस्थळ व मेल आठ दिवस बंद राहण्याची ती खूण कोणाच्याच लक्षात येणार नाही. आयकॅनने २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर व एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी रद्दीकरण लांबवण्याची मुभा दिली होती. परंतु ती रजिस्ट्रारला दिलेली मुभा होती, धारकाचा हक्क नव्हे.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये नागरी सहकारी बँकांसह सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .बँक.इन प्रत्ययावर जाण्यास सांगितले. जुने पत्ते पासबुकांवर, पाट्यांवर व ठेवीदारांच्या फोनमध्ये राहतातच. रद्दीकरणाच्या नियमांत बँकेचे सोडलेले नाव व इतर नाव असा भेद नाही; ते तोतयाच्या हाती जाऊ नये म्हणून जुन्या नावाचेही शुल्क दरवर्षी भरत राहावे लागते.