पीस खराब निघाला की डिझाईनच खराब?

गेल्या दिवाळीत ठाण्यात पाचपाखाडीला ताईकडे गेलो तर भाचा टीव्हीसमोर नुसताच बसलेला. समोर नवाकोरा गेम कन्सोल, खोकं अजून कोपऱ्यात तसंच, आणि बटण दाबलं की दोन सेकंद लाईट लागून परत बंद. घेऊन चौथाच दिवस. वर्षभर साठवलेले पैसे त्याचे, उरलेले दाजींनी घातलेले. आवाज घोगरा झाला होता पोराचा. म्हणाला, "मामा, यांचे सगळेच पीस असे आहेत, जो तो हेच बोलतोय, आपण फसलो."

मी रबाळे एमआयडीसीत सर्किट बोर्डांच्या टेस्टिंगला आहे, वस्तू कशा बंद पडतात ते बघणं हेच माझं काम, त्यामुळे त्याचं ते "सगळेच" डोक्यात अडकून बसलं. कारण प्रत्येक नव्या कन्सोलच्या वेळी पहिल्या आठवड्यात हेच होतं, लोक चिडतात आणि सगळेच खराब म्हणतात, कंपनी म्हणते तुरळक केसेस आहेत, आणि खरं कोणाचं हे त्या आठवड्यात कोणालाच कळू शकत नाही. का कळू शकत नाही ते सांगतो.

आपल्याकडे बाळाची पाचवी पुजतात, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. त्या काळात पहिले काही दिवसच सगळ्यात धोक्याचे असायचे, ते निभावले की मूल तगलं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं अगदी असंच आहे. हजारो पीसचा हिशोब मांडून कुठल्या दिवशी किती बंद पडले याचा आलेख काढला तर सुरुवातीला तो उंच असतो, मग भराभर खाली येतो, मधे बरीच वर्षं सपाट चालतो आणि शेवटी वस्तू झिजायला लागली की परत चढतो. आंघोळीच्या टबासारखा दिसतो म्हणून त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात. डावीकडचा चढ म्हणजे जन्मतःच खोट असलेले पीस, एखादा सोल्डरचा डाग, म्हणजे दोन भाग जोडणारा वितळवलेल्या धातूचा ठिपका, नीट बसला नाही, एखादा कनेक्टर वाकला. उजवीकडचा चढ म्हणजे म्हातारपण. आता अडचण अशी की डिझाईनच चुकलं असेल तर हे म्हातारपण दहा वर्षांऐवजी एकदोन वर्षांतच येतं, आणि त्यातले सगळ्यात कमजोर पीस तर पहिल्या महिन्यातच जातात. म्हणजे दोन अगदी वेगळे आजार, पण पहिल्या आठवड्यात दोघांचं लक्षण एकच, बंद पडलेला डबा आणि चिडलेला माणूस.

प्लेस्टेशन ४ घ्या. १५ नोव्हेंबर २०१३ ला अमेरिका-कॅनडात आला आणि २४ तासांत १० लाखांवर विकला गेला. लगेच तक्रारी सुरू, निळी लाईट नुसती लुकलुकते, टीव्हीवर चित्र नाही, कोणाचा एचडीएमआय पोर्ट वाकलेला. सोनीने सांगितलं की पाठवलेल्या मालात ०.४ टक्क्यांपेक्षा कमी खराब आहेत आणि सगळ्यांमागे एकच असं कारण नाही. लोकांना ते थापा मारल्यासारखं वाटलं, पण जरा गुणाकार करून बघा, १० लाखांचे ०.४ टक्के म्हणजे ४,००० माणसं, गर्दीच्या वेळची १२ डब्यांची लोकल भरेल एवढी. एवढी माणसं एकाच दिवशी ओरडली तर कोणालाही वाटणारच की सगळंच बुडालं. ज्यांचा चालू होता ते खेळत बसले होते, लोकल वेळेवर आली तर कोण सांगायला जातं. आणि पुढे झालंही तसंच, ती ओरड ओसरली. हा डावीकडचा चढ होता.

एक्सबॉक्स ३६० चं उलटं. तो २२ नोव्हेंबर २००५ ला आला, आपल्याकडे २००६ मध्ये. याच्याही तक्रारी लगेच सुरू झाल्या, पॉवर बटणाभोवती चार हिरव्या दिव्यांचं गोल असायचं, त्यातले तीन लाल झाले की खेळ संपला. त्या लाल कड्याचं नावच पडलं, रेड रिंग ऑफ डेथ. कंपनी सुरुवातीला म्हणाली प्रमाण नेहमीसारखंच आहे. पण ही ओरड ओसरेना, सहा महिने झाले, वर्ष झालं, ज्यांचा वर्षभर नीट चालला त्यांचेही जायला लागले, बदलून मिळालेलेही जायला लागले. शेवटी जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी वॉरंटी ३ वर्षांची केली आणि १०० कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम बाजूला काढली. त्या वेळी एक्सबॉक्स सांभाळणाऱ्या पीटर मूर यांनी नंतर सांगितलं की त्यातले सुमारे २४ कोटी डॉलर तर नुसते कन्सोल नेण्याआणण्याच्या कुरिअरचे होते.

आत काय होत होतं ते समजून घेण्यासारखं आहे. चिप सिलिकॉनची असते, ती खालच्या एका छोट्या पट्टीवर बारीक सोल्डरच्या डागांनी जोडलेली असते आणि ती पट्टी मग मोठ्या बोर्डावर. गेम चालू केला की सगळं तापतं, बंद केला की निवतं. तापलं की सिलिकॉन फार थोडं फुगतं, पट्टी त्याच्या चारपाच पट फुगते. एक सेंटीमीटर लांबी धरा आणि ६० अंशांचा फरक, तर सिलिकॉन वाढतं साधारण २ मायक्रॉन आणि पट्टी ९ मायक्रॉन. फरक फक्त ७ मायक्रॉनचा, केसाच्या दहाव्या भागाएवढा, पण तो सगळा ताण त्या डागांना सोसायचा असतो आणि डागाची उंचीच मुळात केसाच्या जाडीएवढी. एकदा ताणल्याने काही होत नाही. पण तार इकडेतिकडे वाकवत राहिलं की ती तुटते ना, तसं रोज चालू-बंद, चालू-बंद करून डागाला तडा जातो. म्हणजे किती तास खेळलात यापेक्षा किती वेळा तापून निवला हा आकडा महत्त्वाचा.

त्या वेळी सगळ्यांनी दोष दिला बिनशिशाच्या सोल्डरला. संशय यायला कारणही होतं, युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिसं वापरायला बंदी येत होती आणि बिनशिशाचं सोल्डर जास्त कडक असतं. म्हणून रिपेअरवाले मोठ्या बोर्डावरचे डाग परत वितळवून द्यायचे, नाहीतर रिबॉलिंग करायचे, म्हणजे जुने डाग काढून नवे बसवायचे. पण २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच इंजिनियर्सनी उघडपणे सांगितलं की जोड तुटत होते ते बोर्डावर नाही, चिपच्या घटकाच्या आत, आणि कारण हेच तापण्या-निवण्याचं.

टॉवेलचा उपायही त्या काळात फार चालला. कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून चालू ठेवायचा, भरपूर तापू द्यायचा, मग थंड करून लावला की चालायचा. कसा? लोकांना वाटायचं सोल्डर वितळून परत जुळलं. पण बिनशिशाचं सोल्डर वितळायला साधारण २१७ अंश लागतात, तेवढी उष्णता टॉवेलात होत नाही आणि झाली तर आधी प्लॅस्टिक वितळेल. बहुतेक होत असं होतं की उष्णतेने भाग फुगून तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकायच्या, काही दिवस करंट जायचा आणि मग परत तीन लाल. वर आग लागायची भीती वेगळी. कृपा करून कोणीही करू नका, आजच्या कन्सोललाही नाही.

निन्टेन्डो स्विचमध्ये तर एकाच कंट्रोलरमध्ये दोन्ही आजार दिसले. मार्च २०१७ मध्ये आला तेव्हा ओरड होती की डाव्या जॉय-कॉनचं, म्हणजे डाव्या हातातल्या बिनवायरच्या कंट्रोलरचं, कनेक्शन मधेच तुटतं, तर ती उत्पादनातली खोट निघाली, आत फोमचा छोटा तुकडा लावून बरी झाली. खरं दुखणं नंतर कळलं, हात न लावता स्टिक आपोआप सरकते. स्टिकच्या आतल्या पट्ट्या घासून झिजतात हे त्याचं एक मोठं कारण, आणि झिजायला वेळ लागतो म्हणून लाँचच्या वेळी कोणाच्या तोंडी हे नव्हतंच. कंपनीच्या अध्यक्षांनी त्याबद्दल माफी मागितली ती जून २०२० मध्ये.

मग कंपन्या आधीच का नाही पकडत, हा प्रश्न मला घरी नेहमी विचारतात. पकडतात, पण एक साधा हिशोब आडवा येतो. ३०० पीस तपासले आणि एकही खराब निघाला नाही, तरी छातीठोकपणे एवढंच म्हणता येतं की खराबीचं प्रमाण बहुधा १ टक्क्याच्या आत आहे. १० लाख विकल्यावर तो १ टक्का म्हणजे १० हजार घरं. आम्ही चेंबरमध्ये बोर्ड गोठवतो, भाजतो, परत गोठवतो, काही आठवड्यांत काही वर्षांचं वय चढवायचा प्रयत्न करतो, पण लाँचची तारीख आधीच ठरलेली असते आणि लाखांच्या घरातली पहिली खरी टेस्ट ही गिऱ्हाईकाच्या हॉलमध्येच होते. म्हणूनच मला लोकांच्या ओरडण्याचा राग येत नाही. राग येतो तो कंपनीकडे परत आलेल्या प्रत्येक पीसची तारीख असताना, आलेख खाली येतोय की वर चाललाय हे त्यांना दिसत असताना, बाहेर फक्त "तुरळक" म्हणण्याचा. ३६० च्या वेळी हे जितक्या लवकर सांगितलं असतं तितके हजारो लोक टॉवेल गुंडाळत बसले नसते.

त्या दिवशी भाच्याला मी एवढंच म्हटलं की "सगळेच" हा शब्द सोड आणि तीन गोष्टी लिही, कितव्या दिवशी गेला, तोपर्यंत किती वेळा चालू केला होता, आणि लाईट कुठल्या रंगाची. चौथा दिवस, नऊ वेळा, पांढरी. नऊ वेळात कुठलाच डाग थकत नाही, म्हणजे जन्मतःचीच खोट असण्याची शक्यता जास्त. सर्व्हिस सेंटरवाल्यांनीही तो कागद वाचून फार फाटे फोडले नाहीत, अकरा दिवसांनी दुसरा पीस मिळाला.

परवा गेलो तर कन्सोलच्या मागच्या भिंतीवर त्याने कागद चिकटवलाय, रोज चालू केला की पेन्सिलची एक रेघ, पाचवी आडवी. रेघा दोनशेच्या पुढे गेल्यात. मला म्हणाला, मामा, मित्राचा घोडबंदर रोडला आहे, तिकडे मेट्रोच्या कामाची धूळ फार, त्याच्या फॅनचा आवाज वाढलाय, कसा साफ करायचा दाखवशील का. येत्या रविवारी ब्रश आणि ब्लोअर घेऊन जायचंय.