खचलेल्या कोब्यावर नवा थर टाकून भागतं का?

‘अंगणातला कोबा खचला की वरून दोन इंच काँक्रीट टाका, लेव्हल कायमची होते’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण पहिला उन्हाळा जमीन खरंच सपाट दिसते.

पण खचते ती खालची जमीन, कोबा फक्त तिच्यामागे जातो. नागपुरात कितीतरी घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आकसून भेगाळते. त्यात घराभोवतीचा भराव नीट ठोकलेला नसेल आणि गच्चीचं पाणी तिथंच पडत असेल, तर कोब्याखाली पोकळी होते. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो. म्हणजे दोन इंची थराने चौरस मीटरमागे साधारण १२० किलो भार त्याच पोकळीवर वाढतो.

हातोडीने हलकं ठोकून बघा. घुमणारा आवाज आला तर खाली बहुधा जागा रिकामी आहे. कोबा भिंतीला जिथे टेकतो तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. मे आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा बघा. कोबा रेघेपासून सरकला असेल, तर जमीन अजून हलतेय.

आधी पाण्याची वाट बदला. माझ्या मते अर्धं काम तेच आहे. कोबा अखंड असेल तर छिद्रं पाडून सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरतात, त्याने तो उचललाही जातो. तुकडे झाले असतील तर फोडून, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून ठोकावा. घराच्या भिंतीलाच भेगा दिसल्या तर मात्र आधी इंजिनिअरला दाखवा.