फडापासून ग्रामसभेपर्यंत : खानदेशातल्या लोकसंघटनांचा मागोवा

खानदेशातली लोकशाही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मोजायला लागलो तर बरंच काही निसटतं. पांझरेकाठी, साक्री-धुळ्याच्या पट्ट्यात, त्याआधी निदान तीनशे वर्षं शेतकरी पाण्याचा कारभार आपापसांत चालवत आले. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा ऊस कुठल्या फडात, पाणी कमी पडलं तर कोरडा कुठला ठेवायचा, हे बसून ठरे. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्याने फड कोरडा राहिला तरी नुकसान एकट्याच्या गळ्यात पडत नसे. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेतमालकाने, कितीही मोठा असला तरी, स्वतः बारं फोडायचं, म्हणजे पाटाचं पाणी आपल्या शेतात वळवायचं, नाही. पाटकऱ्यावर हवालदार, राखणीला जागल्या, आणि सगळ्यांचा मेहनताना शेतकऱ्यांकडून. नियम करणारे आणि पाळणारे एकच होते, म्हणून ही व्यवस्था टिकली असं मला वाटतं.

पण त्या बैठकीत बसत ते जमीनवाले. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार नाही, बाई नाही. खानदेशातल्या पुढच्या चळवळींचा मोठा भाग या बाहेर राहिलेल्यांनी घडवला आहे.

मधला टप्पा राष्ट्रीय चळवळीचा. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. अधिवेशनासाठी राबलेल्यांत अमळनेरचे साने गुरुजी होते. त्यानंतरचं त्यांचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढलं. त्याच सुमारास नाडलेल्या शेतकऱ्यांच्या करमाफीसाठी ते झटले, धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या संघटना त्यांनी उभ्या केल्या. मुंबई प्रांतात १९३७ ते १९३९ या काळात सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. आपल्या माणसांच्या सरकारकडे गाऱ्हाणं घेऊन जाणं तेव्हाही सोपं नव्हतं.

सालदारांचा प्रश्न शहाद्यात उफाळून आला. तापीकाठची काळी जमीन आदिवासींच्या हातून कर्जापायी आणि कागदोपत्री खेळांतून निसटत गेली होती. मूळ मालक तिथेच वर्षाच्या बोलीवर राबत होते. भिल्ल समाजातल्या अंबरसिंग महाराजांनी लोकांना एकत्र आणलं. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्यातून श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या जमिनीच्या, मजुरीच्या आणि दुष्काळी कामांच्या होत्या. पण बायका सभांना येऊ लागल्या तशी त्यांनी दारू आणि घरातली मारहाण हे विषय पुढे आणले, गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. पुरुष कार्यकर्त्यांच्या यादीत हा विषय नव्हता. तो बायकांनी यादीत घालायला लावला. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्याने केला. त्यामागे असा रेटा होता.

पुढे सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावं जाणार होती. त्यांतल्या मणिबेलीपासून सुरू झालेल्या संघर्षामुळे धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला १९९१ मध्ये स्वतंत्र आढावा समिती नेमावी लागली आणि १९९३ मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. धरण थांबलं नाही. मात्र त्या लढ्यात, शाळा नसलेल्या पाड्यांवर, निमगव्हाण आणि चिमलखेडीला जीवनशाळा सुरू झाल्या. धरणाच्या वादात कोणीही कुठल्याही बाजूला असो, या शाळांची नोंद घ्यायलाच हवी.

सध्या सातपुड्यात सगळी धडपड २००६ च्या वनहक्क कायद्याभोवती आहे. कसत असलेल्या वनजमिनीवरचा दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. निम्मे सभासद हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी स्त्रिया हव्यात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायला गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाबही पुरावा म्हणून चालतो. दावा फेटाळला तर कारण कळवावं लागतं. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे जाता येतं. पाड्यावरच्या माणसाला या मुदती आपसूक ठाऊक नसतात. नकाराचं कारण लेखी मागायचं, अर्जाची पोच घ्यायची आणि ती जपून ठेवायची, हे शिकवणारे कार्यकर्ते म्हणूनच तिथे लागतात.